काउंटरवर हळू आवाजात मागितल्या जाणाऱ्या गोष्टी

शटरवाला

नाशिकला सिडकोत माझं मेडिकल आहे, २२ वर्षं झाली. डी फार्मसी करून आधी दुसऱ्याच्या दुकानात हाताखाली काम केलं मग स्वतःचं टाकलं. बरेच दिवस हे लिहायचं डोक्यात होतं पण शटर ओढेस्तोवर साडेदहा होतात आणि मग जेवून आडवं, आज लिहितोच.

परवा बायको माहेरी गेलेली म्हणून पोरगी (सहावीत आहे, ११ वर्षांची) संध्याकाळी दुकानात येऊन बसली. ऐन गर्दीची वेळ आणि तिने कपाटातल्या रंगीत डब्यांकडे बोट करून खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, कंडोम म्हणजे काय?" काउंटरला पाच माणसं उभी. बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेल्या आजोबांनी लगेच मोबाईल काढला, एक बाई पर्समधे काहीतरी शोधायला लागल्या, आणि मी, जो रोज ती पाकिटं विकतो, म्हणालो, "ते मोठ्यांचं औषध असतं." पोरीचा पुढचा प्रश्न तयारच, "कोणत्या आजाराचं?"

बोंबला. उत्तरच सुचेना. पोरीला वही आणायला पिटाळलं.

रात्री विचार करत पडलो तेव्हा लक्षात आलं की २२ वर्षांत माझ्यासमोर कोणी ह्या गोष्टी नावानिशी मागितलेल्याच नाहीत, आणि मीही कधी नावाने बोललो नाही. लोक आधी एक क्रोसिन घेतात, बाजूला सरकून गर्दी कमी व्हायची वाट बघतात, मग "ते द्या ना". ते म्हणजे काय हे मी चेहऱ्यावरून ओळखायचं. बायका "अंगावरून जातंय" म्हणतात, त्याचा अर्थ पांढरं जातंय की पाळी थांबत नाहीये हे परत विचारावं लागतं आणि विचारलं की त्या म्हणतात जाऊ द्या, आमच्या ह्यांना पाठवते. पुरुष "पॉवरची गोळी". पोरं "७२ तासवालं". "पाळी आणायची गोळी" वेगळी आणि "पाळी ढकलायची गोळी" वेगळी, श्रावण लागला की दुसरीचा खप बघा. पॅड मात्र पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी. झुरळाचं विष आम्ही उघड्या पिशवीत देतो, पॅड काळ्या पिशवीत.

आता कबुली. साताठ वर्षांपूर्वी एक कॉलेजचा पोरगा यायचा, मान खाली घालून, "काका, खाली खाजतंय". मीही जास्त न विचारता ट्यूब दिली, तेव्हा सगळेच द्यायचे ती, स्टेरॉइड मिसळलेली. दोन दिवसात आराम पडला म्हणून तो खूश, परत आला, परत दिली, असं चार-पाच महिने. मग एकदा त्याने जांघेतून पार पोटापर्यंत चढलेले गोल गोल चट्टे दाखवले. नायटाच होता साधा, स्टेरॉइडने खाज दबते आणि खाली बुरशी पसरत राहते, वर कातडी पातळ होते ती वेगळीच. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण कुठे खाजतंय, किती दिवस, अंतर्वस्त्र ओलं घालतोस का, घरात कोणाला आहे का, एवढे चार प्रश्न विचारायला मलाच अवघडल्यासारखं झालं होतं. कातडीच्या डॉक्टरकडे जा म्हणालो तर म्हणतो, "काका, तिथे चड्डी काढावी लागेल ना."

तर धागा ह्यासाठी काढला. पोरीला काय सांगू, आणि तुमच्या घरात ह्या गोष्टींना कोणते शब्द आहेत? असतील तर.

मिसळबिनपाव

"मोठ्यांचं औषध" हाहाहा. काका आमच्याकडे आई टीव्हीवर ती जाहिरात लागली की "अगं दूध उतू जातंय" म्हणून उठायची, गॅसवर दूध नसायचंच.

दहावीब

मी पंचवटी भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञान भाग २ मधे 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' म्हणून धडा आहे, त्यात सगळं आहे, पुरुष प्रजननसंस्था, स्त्री प्रजननसंस्था, मासिक पाळीचं चक्र, जुळी कशी होतात, सरोगसी सुद्धा. आकृत्यांवर नावं घातलेली आहेत, शिश्न, वृषण, योनी, गर्भाशय. म्हणजे शटरवाले दादा, शब्द आहेत, बालभारतीने छापलेत. फक्त ते कोणी तोंडाने उच्चारत नाही. बऱ्याच ठिकाणी हा धडा "घरून वाचून या" असतो. २००७ मधे तर आपल्या राज्यात लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम एवढ्या विरोधात सापडला की थांबवावाच लागला, तेव्हा मी डीएड करत होते आणि आम्हाला सांगितलेलं की बाई, वेलींचं परागीभवन शिकवा आणि पुढे जा.

मी वर्गात श्रीखंडाचा रिकामा डबा ठेवते, वरून चीर पाडलेला. नाव न घालता चिठ्ठी टाकायची. पहिल्या वर्षी निम्म्या चिठ्ठ्यांवर शिव्याच होत्या, त्याही मोठ्याने वाचल्या (शिवी गाळून, शुद्धलेखन दुरुस्त करून), मग पोरं लाजली आणि खरे प्रश्न यायला लागले. एक बाजू लहान एक मोठी असते का. ओठावर किस केल्यावर दिवस जातात का. झोपेत ओलं होतं हा आजार आहे का. पाळीत पोहता येतं का. आणि एक चिठ्ठी, हिरव्या पेनाने, अगदी बारीक अक्षरात: "मला मुलगी असून मुलगीच आवडते तर डॉक्टर कोणता".

त्यावर मी वर्गाला एवढंच सांगितलं की ह्याला डॉक्टर लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, त्याआधी १९७३ मधे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने काढली होती, मग पुढच्या चिठ्ठीवर गेले. कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही मुद्दाम. हिरवं पेन वर्गात तिघींकडे होतं.

मुलीला शब्द द्या दादा. लहान मुलांना "शी-सू ची जागा" म्हणून शिकवलं तर कोणी हात लावला हेसुद्धा त्यांना नीट सांगता येत नाही. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) प्रकरणात मुलाचा जबाब घेताना हेच आडवं येतं.

तात्या_पंचवटी

आमच्या वेळी हे डबे आणि चिठ्ठ्या काही नव्हतं. संसार झाले, पोरं झाली, नातवंडं झाली. बिघडलं का काही? प्रत्येक गोष्टीचा चौकात बोर्ड लावायची काय गरज आहे?

डॉक्टरीणबाई

तात्या, बिघडलं म्हणून तर आमचा धंदा चालला :) मी स्त्रीरोगतज्ज्ञ, गंगापूर रोडला २६ वर्षं. लग्नाला तीन वर्षं झाली मूल होत नाही म्हणून जोडपं येतं, सगळे रिपोर्ट घेऊन, दोनदा नवस फेडून, आणि तपासल्यावर कळतं की संबंध आलेलेच नाहीत. दोघंही इंजिनिअर. दोघांनाही वाटत होतं की असंच असतं. बाईला दुखतं, नवरा घाबरून थांबतो, आणि ही गोष्ट दोघं एकमेकांशी सुद्धा बोललेले नसतात. योनीच्या भोवतीचे स्नायू भीतीने आपोआप आवळले जातात, त्याला उपचार आहे आणि तो बरा होतो. पण सासू बाहेर बसलेली असते "काय म्हणाल्या मॅडम" विचारायला.

शटरवाले, तुमच्या काउंटरवर येणाऱ्यांसाठी थोडं लिहून ठेवते.

७२ तासवाली गोळी, म्हणजे संबंध आल्यावर दिवस राहू नयेत म्हणून घेतात ती, गर्भपाताची नाही. ती बीज सुटणं पुढे ढकलते, म्हणून जितकी लवकर तितकी चांगली, बीज सुटून गेलं असेल तर फारसा उपयोग नाही. महिन्यात चार वेळा घेणाऱ्या मुली येतात माझ्याकडे, त्यांना विष चढत नाही पण पाळीचा पार बट्ट्याबोळ होतो आणि रोजच्या साधनाइतकी ती भरवशाची नाहीच. संबंधांनंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती ह्या गोळीपेक्षा जास्त खात्रीची, हे कोणालाच माहीत नसतं.

"पाळी आणायचं किट" म्हणून जे मागतात ते खरोखर गर्भपाताचं औषध. ते चिठ्ठीशिवाय देऊ नका हे तुम्हाला मी सांगायला नको. नऊ आठवड्यांच्या आत, डॉक्टरच्या देखरेखीखाली ते सुरक्षित आहे. पण गर्भ नळीत असेल तर ह्या गोळ्यांनी काही होत नाही, नळी फुटते, आणि बाईला वाटतं गोळीने रक्त जातंय म्हणजे काम झालं. अशी एक मुलगी पांढरीफटक होऊन आली होती, रात्री दोनला ऑपरेशन केलं. ती का घाबरली होती? तिला वाटत होतं लग्न झालेलं नाही म्हणजे गर्भपात बेकायदा. तो कायदा १९७१ पासून आहे. सज्ञान बाईला स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही, बापाची लागत नाही. २०२१ मधे मुदत काही कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत वाढली आणि सप्टेंबर २०२२ मधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्यात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करायचा नाही.

सूनबाई_कॉलेजरोड

पाळी ढकलायच्या गोळीबद्दल पण लिहा ना मॅडम. आमच्याकडे गौरी, नवरात्र, नणंदेचं लग्न आणि सत्यनारायण, एका वर्षात चार वेळा घेतल्या मी. कोणी जबरदस्ती केली नाही हां, सासूबाई फक्त कॅलेंडरकडे बघतात आणि उसासा टाकतात.

डॉक्टरीणबाई

उसासा हे सगळ्यात स्ट्राँग औषध. ती गोळी साधारण पाळीच्या तीन दिवस आधी चालू करतात, बंद केली की दोन-तीन दिवसात पाळी येते. एखाद्या वेळी निरोगी बाईने घेतली तर आभाळ कोसळत नाही. पण पायात रक्ताची गाठ झाली असेल, अर्धशिशी असेल, यकृताचं काही असेल तर आधी विचारायचं, आणि मेडिकलमधून परस्पर नाही. आणि हो, ती चालू असताना दिवस जाणार नाहीत असं समजू नका, ते काम तिचं नाही.

अनामिक२३

आयडी नवीन काढलाय ह्याच्यासाठी. मी सातपूरला कंपनीत आहे. स्टँडजवळ भिंतीवर नंबर असतात ना "बालपणीच्या चुका" वगैरे, तिथे गेलेलो. मला लघवीतून धातू जातोय, हातापायात जोर नाही, कामावर चक्कर. तिथल्या माणसाने सांगितलं शंभर थेंब रक्ताचा एक थेंब होतो, तू बावीस वर्षांचं रक्त घालवलंस. पुड्या दिल्या १४ हजाराच्या, हप्त्याने. घरी पगार कमी दिसला तर खोटं सांगितलं. चुका म्हणजे तेच जे सगळे करतात. दहावीबाईंच्या डब्यातली ती तिसरी चिठ्ठी माझीच समजा, फक्त दहा वर्षं उशिरा. लग्न ठरवतायत घरी, मी करू का नको?

डॉक्टरीणबाई

बाळा, आधी श्वास घे. वीर्य रक्तापासून आटवून होत नाही, तो बासुंदीचा हिशोब आहे शरीराचा नाही. त्यातला बहुतेक भाग दोन ग्रंथींचा स्राव असतो, शुक्रपेशींचा वाटा फार तर पाच टक्के. शुक्रपेशी रोज तयार होत राहतात, एकीला पूर्ण तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, साठा संपायची भानगडच नाही. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, वाकडं होत नाही, आंधळेपणा येत नाही. झोपेत होणारं स्खलन म्हणजे दोष नाही, "स्वप्नदोष" हा शब्दच आधी बदलायला हवा.

पण तुझी चक्कर खरी आहे. भीतीने झोप उडते, जेवण जात नाही, मग गळून गेल्यासारखं होतं. आपल्या उपखंडात हे इतकं दिसतं की १९६० मधे एका भारतीय मानसोपचारतज्ज्ञाने त्याला धात सिंड्रोम असं नावच दिलं. साधा फिजिशियन गाठ, हिमोग्लोबिन, साखर, बी१२ बघून घे, लघवी तपास. पुड्या बंद कर. त्यात काय काय असतं देव जाणे, उरलेला हप्ता भरू नकोस.

लग्न? ते तुला ती मुलगी आवडली तर कर.

तात्या_पंचवटी

शंभर थेंबांचं आम्हालाही सांगितलेलं. तालमीतल्या वस्तादांनी. मी सतरा वर्षांचा असताना सहा महिने लंगोट ओला करून झोपायचो, थंडीत, गोदावरीच्या काठी वाडा आमचा. निमोनिया झाला.

वर जे लिहिलं ते आता वाचून मलाच कसंतरी वाटलं म्हणून एक गोष्ट सांगतो. वडील गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली, धोतरांच्या खाली 'समाजस्वास्थ्य'चे अंक, दोऱ्याने बांधलेले, तीसेक असतील. र. धों. कर्वे काढायचे ते, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक होते मुंबईला, ह्याच पायी नोकरी सोडावी लागली. १९२१ मधे त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत म्हणजे १९५३ पर्यंत तो अंक चालवला. त्यात वाचकांचे प्रश्न असायचे आणि त्यांची रोखठोक उत्तरं. त्यावरून खटले भरले लोकांनी, १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. वडील माझे भिक्षुकी करायचे. ते अंक त्यांनी जपून ठेवले पण मला एकदाही दाखवले नाहीत, मी तिकडे ओला लंगोट घालून झोपत होतो आणि उत्तर ट्रंकेत, दहा फुटावर.

म्हणजे "आमच्या वेळी" सुद्धा होतं. फक्त धोतराखाली होतं.

मिसळबिनपाव

तात्या __/\__

चांदणी_नाशिकरोड

इथे बरेच दिवस नुसतं वाचते, आज लिहिते. मी ट्रान्स बाई आहे, म्हणजे जन्मले तेव्हा लोकांनी मुलगा म्हटलं, पण मी बाई आहे. शटरवाले दादा, तुमच्यासारख्याच एका मेडिकलमधून मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून गोळ्या घेत होते. डेऱ्यातल्या एका मोठीने सांगितलं की संततिनियमनाच्या गोळ्या रोज चार खायच्या, छाती येते, आवाज मऊ होतो. आवाज काही होत नाही, ती थाप. मेडिकलवाला कधी विचारायचा नाही, विचारणार काय, माझ्याकडे बघायचाच नाही, पैसे काउंटरवर ठेव म्हणायचा, हातात घ्यायचा नाही. वर मी विडी ओढायची. तिसऱ्या वर्षी डावा पाय भोपळ्यासारखा सुजला, पोटरी दगड. रक्ताची गाठ. दवाखान्यात (नाव नाही लिहीत) पहिले दोन तास चर्चा काय तर हिला बायकांच्या वॉर्डात घ्यायचं का पुरुषांच्या. पॅसेजमधे स्ट्रेचरवर होते मी तोपर्यंत. एक आया होती तिने आपली ओढणी माझ्या पायावर टाकली, बाकी येणारे जाणारे वळून बघत होते.

त्या गोळ्यांतलं इस्ट्रोजेन वेगळ्या प्रकारचं असतं, रक्त गोठायचा धोका जास्त, त्यात बिडी, त्यात चार-चार. आता हार्मोनच्या डॉक्टरांकडे रीतसर चालू आहे, दर काही महिन्यांनी रक्त तपासतात, डोस मोजून. जे पहिल्या दिवशी कोणी विचारलं असतं तर पाय वाचला असता. अजून जिना चढले की दुखतो.

शब्दांचं विचारलंत ना. लोकांना दोन गोष्टी एकच वाटतात म्हणून साध्या भाषेत सांगते. मी कोण आहे हे एक, आणि मला कोण आवडतं हे दुसरं. मी बाई आहे, ते पहिलं, त्याला लिंगभाव म्हणतात. मला पुरुष आवडतात, ते दुसरं. माझी एक मैत्रीण ट्रान्स बाई आहे आणि तिला बायका आवडतात. एक ट्रान्स पुरुष आहे ओळखीत, सीबीएस स्टँडला भेटतो, दाढी आहे त्याला, त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही आणि त्याला पॅड घ्यायला मेडिकलमधे "बहिणीसाठी" म्हणावं लागतं. आणि काही बाळं जन्मतानाच शरीर मधलं घेऊन येतात, ते इंटरसेक्स, ते अजून वेगळं. सगळ्यांना मिळून एक शिवी आहे आपल्या भाषेत, तिच्यावर भागवतात लोक.

२०१४ मधे १५ एप्रिलला सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल आला की आपली ओळख आपण सांगायची. पुढे ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा झाला, मी २०२२ मधे पोर्टलवर अर्ज करून जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आणि कार्ड काढलं. कार्ड आलं त्या दिवशी मेनरोडला जाऊन लॅमिनेशन केलं, दोन वेळा, एकावर एक. रूम मात्र अजून कोणी देत नाही भाड्याने. कुंभमेळ्यात किन्नर आखाड्याच्या पाया पडायला रांगा लागतात, रांगेतल्याच माणसाने मला सांगितलं होतं सोसायटीत प्रॉब्लेम होईल म्हणून.

सूनबाई_कॉलेजरोड

वाचून डोळ्यात पाणी आलं ताई. एक विचारू, राग नको, तुमचं ऑपरेशन झालंय का?

चांदणी_नाशिकरोड

राग नाही. पण बघा, तुमचं गर्भाशय काढलंय का असं मी तुम्हाला पहिल्या भेटीत विचारलं तर? माझ्या डॉक्टरांना माहितीये, तेवढं पुरे. तुम्ही चहा प्यायला या नाशिकरोडला, बाकी हजार गप्पा मारू.

सूनबाई_कॉलेजरोड

चुकलंच माझं. येणार नक्की. बिटको पॉइंटपासून कुठे?

रात्रपाळी

अंबडला कंपनीत सीएनसी मशीनवर आहे, आता टी-ब्रेक. मी गे आहे, इथे लिहायला सोपं वाटतं. मराठीत समलिंगी म्हणतात पण आमच्या घरात तो शब्द फक्त पेपरातल्या बातमीत असतो.

२०१६ ला घरी कळलं तेव्हा मामाने एका डॉक्टरकडे नेलं (नाशिकमधला नाही, नाव सोडा). सहा सिटिंगमधे सरळ करून देतो म्हणाला. गोळ्या दिल्या, दिवसभर झोप यायची, मशीनवर बोट जाता जाता वाचलं. मग सोडलं. आता असं "बरं करून देणं" हे डॉक्टरी गैरवर्तन आहे, मद्रास हायकोर्टाने विषय लावून धरला आणि २०२२ मधे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तसं कळवलं. ६ सप्टेंबर २०१८ ला समलैंगिक संबंध गुन्हा नाही असा ३७७ कलमाचा निकाल आला तेव्हा फर्स्ट शिफ्ट होती, मोबाईल लॉकरमधे. तीन वाजता सुटल्यावर कळलं. कोणाला सांगणार, टपरीवर एकटाच कटिंग प्यालो आणि टपरीवाल्याला दहाची नोट ठेवून घे म्हणालो, तो म्हणे का रे भो, लॉटरी लागली का.

मला जास्त सांगायचंय ते टेस्टचं. मुलं घाबरून टेस्टच करत नाहीत. सिव्हिलला आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी केंद्र) आहे तिथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी समुपदेशक बोलतात, तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करायची नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगायचा नाही, २०१७ चा कायदाच आहे तसा. मी गेलो तेव्हा बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पुरुषांशी का बायकांशी का दोघांशी?" अगदी चहात साखर किती ह्या टोनमधे. मी तीन दिवस जे वाक्य पाठ करत होतो ते लागलंच नाही. शंका असेल तर तीन महिन्यांनी परत करायला सांगतात कारण सुरुवातीला टेस्टमधे दिसत नाही. गुप्तरोगांसाठी सरकारी सुरक्षा क्लिनिक पण असतं. आणि कंडोम फाटला किंवा काही झालं तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठायचा, २८ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स असतो, लागण टळू शकते. ते ७२ वेगळे आणि मुलींचे ७२ वेगळे. आमच्यातला एक पॉझिटिव्ह आहे, सहा वर्षं गोळी चालू, रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी, आणि तसा राहिला तर संबंधातून पुढे लागणही होत नाही. तो माझ्यापेक्षा जास्त पळतो, पांडवलेणी न थांबता चढतो. १०९७ वर फोन करून विचारता येतं, फुकट आहे.

ब्रेक संपला.

अनामिक२३

डॉक्टर मॅडम, रिपोर्ट केले. बी१२ एकदम तळाला. इंजेक्शन चालू केलं. हप्त्यासाठी त्यांचा फोन आला होता, मी म्हटलं रक्त संपलं माझं, पैसे कुठून येणार.

डॉक्टरीणबाई

शाब्बास!

शटरवाले, मुलगी ११ ची म्हणालात ना, एचपीव्हीची लस दिलीत का? गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बहुतेक केसेसमागे हा विषाणू असतो आणि तो संबंधातून पसरतो, म्हणून ती लस आधीच द्यायची. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. आपली पुण्यात बनलेली लस २०२३ पासून आलीये. "ही कसली लस" असं ती विचारेलच, तिथून बोलणं सुरू करा.

अवांतर: कौमार्य वगैरे विचारायला माझ्याकडे अजून माणसं येतात, लग्न ठरलं की मुलीला "तपासून" द्या म्हणून. पडद्यावरून काही कळत नाही, कित्येकींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही. आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाने २०१९ मधे "कौमार्याची लक्षणं" हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. आम्ही ते पाठ करून पास झालो होतो, मार्क पण मिळाले होते.

दहावीब

दादा, मग बोललात का मुलीशी? धागा सोडून पळालात वाटतं.

शटरवाला

पळालो नाही, गल्ल्यावरून सगळं वाचत होतो. चांदणीताई, तुमचा प्रतिसाद वाचून त्या मेडिकलवाल्याचा राग आला आणि मग आठवत बसलो की मी असं किती जणींकडे बघितलं नव्हतं. दोन तरी आठवल्या. त्यातली एक अजून येते, काल तिला विचारलं की गोळ्या कोणी लिहून दिल्यात, सोबत रक्त तपासता का. ती आधी दचकली, मग पाच मिनिटं बोलली. चिठ्ठी नाहीये तिच्याकडे. तुमच्या डॉक्टरांचं नाव मला मेसेजमधे कळवा.

पोरीचं सांगतो. रविवारी लसीला घेऊन गेलो, येताना सोमेश्वरला नेलं, भुट्टा खात बसलो. म्हटलं आज सांगून टाकू. म्हणालो, परवा मी खोटं बोललो, ते औषध नाही. ती पातळ रबराची पिशवी असते, मोठी माणसं संबंध ठेवतात तेव्हा पुरुष ती शिश्नावर घालतो, म्हणजे नको असताना बाळ होत नाही आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागत नाही. एका दमात. मी भुट्ट्याकडे बघून बोलत होतो हे कबूल. तिने "ईईई" केलं, मग म्हणाली, "बरं." मग दोन मिनिटांनी, "मग लस पण त्याच्यासाठीच का?" म्हटलं हो, जवळपास. "आईला माहितीये?" म्हटलं आईला सगळं माहितीये.

मला वाटलं सुटलो. सोमवारी परत दुकानात येऊन बसली, तीच कपाटाकडे तोंड करून, ह्या वेळी आवाज हळू (तो हळू कधी झाला, कोणी शिकवला, मीच शिकवला बहुतेक). म्हणाली, "बाबा, पण मग त्याच्यावर स्ट्रॉबेरी का आहे?"

मी तिला परत वही आणायला पाठवलंय. मॅडम, दहावीबाई, ह्याचं उत्तर कोण देतंय ते पटकन लिहा, दुकान कोपऱ्यावरच आहे, ती येईलच इतक्यात.